चार अंश

प्रिय लांबे,

या महिन्यात तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी ‘दुकानात गर्दी आहे, नंतर करते’ म्हणून ठेवून दिला. गर्दी वगैरे काही नव्हती. एकदा तर मी घरीच होते, हातात झाडू घेऊन उभी. तुझा आवाज ऐकला की मी नुसती तुझ्या गुडघ्याची चौकशी करत बसते. म्हणून शेवटी कागद घेतला. आज गुरुवार, दुपारचे दोन वाजलेत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला ड्रिल मारतंय, त्यामुळे अक्षर कुठे थरथरलं तर दोष त्याला दे. शाळेत माझ्या चिठ्ठ्या तू निम्म्यातच सोडून द्यायचीस, ‘बुटके, तू मुद्द्यावर येतच नाहीस’ म्हणायचीस. ही मात्र शेवटपर्यंत वाच. मुद्द्यावर येते मी.

आधी बातमी. आमच्या कंपनीचा पर्यावरण अहवाल आला. चार वर्षांपूर्वी हेड ऑफिसने सगळ्या सुपरमार्केटांसाठी दहा वर्षांची उद्दिष्टं जाहीर केली, ती कुठवर आली याचं एक गुळगुळीत, जाडजूड पुस्तक दर वर्षी निघतं. विजेवरच्या गाड्या किती झाल्या, प्लॅस्टिक किती घटलं, फ्रीजना दारं किती बसली आणि खाण्याजोगं अन्न कचऱ्यात किती गेलं. या शेवटच्या रकान्यात यंदा चौऱ्याऐंशी दुकानांत आमचं दुकान पहिलं. फ्रेश विभागाची प्रमुख म्हणून मला चौकटीतलं प्रशस्तिपत्रक मिळालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मॅनेजरने अहवालाचं एकोणिसावं पान उघडून माझ्यापुढे धरलं. पानभर फोटो. तू पाठवलेला राखाडी स्वेटर घातलेले काका, तुझे बाबा, एक हात आमच्या हिरव्या क्रेटवर ठेवून हसतायत. खाली छापलंय, ‘आमच्या उपक्रमाचे एक समाधानी लाभार्थी’. फोटो दोन वर्षांपूर्वीचा. माणूस जाऊन पाच महिने झाले हे तिकडे कुणाला माहीत असणार! मी पुस्तक मिटलं आणि ‘दुधाची गाडी आली वाटतं’ म्हणून बाहेर पळाले. दुधाची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

तुला हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. मी या दुकानात लागले तेव्हापासून सतरा वर्षं माझं दिवसातलं शेवटचं काम ठरलेलं असायचं. न खपलेलं अन्न मागच्या कचरापेटीत टाकायचं आणि वरून निळं फिनेल ओतायचं. कुणी उचलून खाऊ नये, खाऊन आजारी पडू नये, पडून कंपनीवर खटला भरू नये म्हणून. पाकिटं फाडायची, डबे उघडायचे, मग ओतायचं. चांगला मऊ पाव, नुसता एक डाग पडलेली फळं, आणखी दोन दिवस सहज टिकलं असतं असं दूध. कितीही साबण लावला तरी हाताचा वास जायचा नाही. तू एकदा विचारलं होतंस, बाहेर जेवायला गेलं की तू आपलं ताट एवढं चाटूनपुसून का साफ करतेस. त्याचं हे उत्तर. तेव्हा मी थट्टेवारी नेलं होतं.

मग ती उद्दिष्टं आली. सभेत हेड ऑफिसची बाई म्हणाली, आजपासून फिनेल बंद, उरलेलं चांगलं अन्न गरजू संस्थांना जाईल. आणि मी चारचौघांत हमसून हमसून रडले. लोक हसले मला. संस्था कुठली निवडायची असं विचारल्यावर पहिला हात माझा वर गेला. काकांच्या वृद्धाश्रमाचं नाव मीच सुचवलं, लांबे. तू परदेशी नोकरीवर जाताना त्यांना माझ्या हवाली करून गेली होतीस, दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचे, तिथल्या एकतीस म्हाताऱ्यांच्या ताटात काय पडतं ते मी पाहत होते. पातळ सूप आणि कालचा पाव. म्हटलं, यांच्या ताटात जरा रंग येऊ दे. मंगळवारी आणि शुक्रवारी आमची गाडी जायला लागली. तिथल्या स्वयंपाकीणबाई तुला आठवतात ना, घोगऱ्या आवाजाच्या, आडव्या बांध्याच्या? त्या क्रेट उघडायच्या तेव्हा लहान पोरीसारख्या टाळ्या पिटायच्या.

आणि काका! छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस. पहिल्या वर्षीचा अहवाल मी मोठ्या तोऱ्यात नेऊन दाखवला, तर दुसऱ्या रविवारी परत दिला, लाल पेन्सिलीने अकरा चुका काढून. मुखपृष्ठावरच ‘पर्यावरणपुरक’. म्हणाले, ‘आकडे खरे की खोटे ते मला कळत नाही. पण ज्यांना पूरकातला पू दीर्घ काढता येत नाही त्यांनी पृथ्वी वाचवायला निघू नये.’ त्यावर स्वयंपाकीणबाई ओरडल्या, ‘आजोबा, आधी गिळा, मग शुद्धलेखन!’ सगळं जेवणघर हसलं. ते दिवस खरंच चांगले होते. ते खोटे नव्हते एवढं तरी मला म्हणू दे.

पण आकडा एकदा फळ्यावर चढला की तो फळ्यावरच राहत नाही. कर्मचाऱ्यांच्या खोलीत दर सोमवारी कचऱ्यापासून वाचवलेल्या अन्नाचा आमचा टक्का लिहायला लागले, हिरव्या किंवा लाल खडूने. दर वर्षी उद्दिष्ट वर सरकायचं. तळाच्या दहा दुकानांच्या मॅनेजरना हेड ऑफिसात बोलावून सगळ्यांसमोर उभं करायचे. आमचा मॅनेजर काही वाईट माणूस नाही. दोन लहान मुली आहेत त्याला, डबा खाताना त्यांचे फोटो दाखवत असतो. पण लाल खडू निघाला की त्याचा चेहराच बदलायचा. आणि नियम असा होता की दुकानातून निघताना अन्न पाच अंशांच्या आत थंड असेल तरच ते दानात धरायचं. त्याच्या वर असेल तर कचरा, आणि कचऱ्याचं वजन आमच्या नावावर. नियम चांगलाच होता. नियमाला मी दोष देत नाही.

आता तो शुक्रवार. त्या दिवसांत आमची जुनी कोल्ड रूम काढून नवी बसवत होते. जुन्या यंत्रातला वायू हवेला घातक, म्हणून तेही उद्दिष्टांतच होतं. तीन आठवड्यांसाठी मागच्या अंगणात भाड्याचा छोटा थंड डबा उभा केला होता, पण त्यात विक्रीचाच माल कसाबसा मावायचा. दानाचे क्रेट माल चढवायच्या फलाटावर, सावलीत. गाडी अकराला येऊन घेऊन जाणार, म्हणजे अर्ध्या तासाचा प्रश्न. त्या दिवशी गाडी आलीच नाही. विजेवरची नवी गाडी, आधीच्या दुकानापाशी तिची बॅटरी संपली. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. ऊन असं की फलाटाच्या कठड्याला हात लावता येईना. मी हेड ऑफिसात बैठकीला गेलेल्या मॅनेजरला फोन केला. तो हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, तिमाहीतली शेवटची फेरी आहे ही. चाळीस किलो कचऱ्यात गेलं तर आपण पुन्हा लाल. पण मी काही सांगत नाहीये हं. तुम्ही बघा काय ते.’ साडेतीनला गाडी आली. ड्रायव्हर घामाने निथळत होता, माफी मागत होता. मी सगळ्यात खालच्या क्रेटमधल्या शिजवलेल्या चिकनच्या डब्यात थर्मामीटर खुपसला. चौदा अंश.

फॉर्मवर ‘निघतानाचे तापमान’ असा रकाना असतो. मी तिथे चार लिहिलं आणि खाली सही केली.

हात चुकला असं मी म्हणणार नाही. पेन टेकवलं, थांबले, चौदातला एक वगळला आणि लिहिलं. मनात काय होतं सांगू? कंपनी नव्हती, मॅनेजर नव्हता. सतरा वर्षांचं फिनेल होतं. पुन्हा एकदा चाळीस किलो अन्न फाडून कचऱ्यात लोटायचं माझ्याच्याने होईना. म्हटलं, बाई आणखी गरम करतीलच, काही होत नाही. आणि थोडा, खोटं कशाला बोलू, तो हिरवा खडूही होता.

शनिवारी दुपारी स्वयंपाकीणबाईंचा फोन आला. सात जणांना उलट्या, जुलाब. चिकन त्यांनी गरम केलं होतं, पण त्या उकाड्यात पाच तास राहिलेल्या अन्नाला नुसतं गरम करून काय होणार! बाई रडत म्हणाल्या, ‘काल आजोबांनी दोनदा मागून घेतलं हो, किती दिवसांनी असं जेवले.’ सहा जण सावरले. काकांना रविवारी हॉस्पिटलात हलवलं आणि बुधवारी सकाळी ते गेले. तुला फोनवर मी सांगितलं ते तेवढं खरं होतं, की त्यांना शेवटी वेदना नव्हत्या, मी जवळ होते आणि त्यांचा हात माझ्या हातात होता. डॉक्टरांनी लिहिलं, जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी झालं, वय एक्क्याऐंशी. तू आलीस, अकरा दिवस राहिलीस. माझ्याच या स्वयंपाकघरात मला मिठी मारून म्हणालीस, ‘तू होतीस म्हणून बाबा एकटे नव्हते.’ तुझी हनुवटी माझ्या डोक्यावर टेकलेली, शाळेत असायची तशीच. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गॅसवरचं दूध उतरवायला वळले.

तुला माहीत नसलेली आणखी एक गोष्ट आहे. तू परत गेल्यावर अन्न तपासणीचे साहेब वृद्धाश्रमात आले. आमचा फॉर्म पाहिला, त्यावर चार अंश, सही व्यवस्थित. म्हणजे दुकानातून माल चांगला निघाला, तेव्हा घाण स्वयंपाकघरातच असली पाहिजे. त्यांनी तसं लिहून चौकशी बंद केली आणि संस्थेने स्वयंपाकीणबाईंना काढून टाकलं. नऊ वर्षांची नोकरी. आता त्या स्टेशनजवळच्या लॉजच्या चादरी धुतात. गेल्या महिन्यात बस स्टॉपवर भेटल्या. मला वाटलं तोंड फिरवतील, तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, ‘तुमच्या डब्यांत काही नव्हतं ताई, कागद बघितला मी. माझ्याच हातून काहीतरी राहिलं. रोज आठवत बसते, कुठलं भांडं नीट धुतलं नव्हतं मी.’ सोडा घालून घालून त्यांची बोटं सोलवटली होती. माझी बस आली, मी चढले. चढले, लांबे.

मग आला तो अहवाल आणि एकोणिसावं पान. त्या चाळीस किलोंचीही त्या टक्क्यात बेरीज आहे. त्यांनी उद्दिष्ट गाठलंय, कागदावर काहीही चुकलेलं नाही.

परवा, मंगळवारी, मी अन्न तपासणीच्या ऑफिसात गेले आणि सगळं लिहून दिलं. मॅनेजर फोनवर काय म्हणाला तेही, आणि त्याने हुकूम दिला नव्हता हेही. बुधवारी सकाळी दुकानात जाऊन त्यालाही हे सांगितलं आणि त्याने मला निलंबनाचं पत्र दिलं. ‘ताई, माझ्या मुलींचा तरी विचार करायचा होता’ म्हणाला. तिथून तशीच लॉजवर गेले आणि स्वयंपाकीणबाईंना सांगितलं. त्यांनी हातातली ओली चादर पिळून बादलीत टाकली. मग एवढंच म्हणाल्या, ‘मग मी धुतलं होतं सगळं.’ आणि आत निघून गेल्या. मला बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

आता मुद्दा. साहेब म्हणाले, माझ्या एकटीच्या लिहून देण्याने बंद झालेली चौकशी उघडत नाही, गेलेल्या माणसाच्या घरच्यांची लेखी तक्रार लागते. पुढच्या गुरुवारी ते तुला फोन करणार आहेत आणि विचारणार आहेत, तक्रार करायची आहे का. हे पत्र मी आजच कुरियरने पाठवतेय, त्याआधी पोचेल. तुझ्या बाबांना काय झालं हे तुला कुणा परक्याच्या तोंडून कळू नये, एवढी एक गोष्ट माझ्या हातात उरली होती. पण पत्र लिहिलं ते तेवढ्यासाठीच नाही. मी तुला पन्नास वर्षं ओळखते. तू दोन दिवस रडशील, माझ्यावर संतापशील, आणि गुरुवारी फोन वाजला की माझं वय, माझी नोकरी, मला तुरुंग होईल का, हे सगळं तुझ्या डोळ्यांपुढे येईल. मग तू म्हणशील, जाऊ द्या, बाबा काही परत येत नाहीत. तसं म्हणू नकोस. तुझ्या ‘हो’वाचून त्या बाईंच्या नावावरचा डाग निघणार नाही, आणि त्या फळ्यावरचा आकडाही कुणी पुसणार नाही. मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव, नाही केलंस तरी मी काही म्हणायची नाही. फक्त गुरुवारी माझ्याकडे बघून ‘नाही’ म्हणू नकोस.

हा शब्द लिहायचा हक्क उरलाय की नाही ते ठाऊक नाही, तरी दुसरा सुचत नाही म्हणून,

तुझीच,
बुटकी