न खोडलेली ओळ

सोमवार, २ सप्टेंबर

आज या घरातून माझी खुर्ची हद्दपार झाली. ना नोटीस, ना सुनावणी. गेली एकोणीस वर्षं जिच्यात बसून मी जगाच्या भानगडी वाचल्या, ती गादीची खुर्ची आईच्या खोलीतून उचलून थेट व्हरांड्यात – छत्र्यांच्या शेजारी! तिच्या जागी एक लाकडी स्टूल. बिनपाठीचं, आणि एका पायाने लंगडं. पूर्वीचे ऋषी बसत असतील अशावर. पण त्यांना शेवटी मोक्ष तरी मिळायचा. मला पाठदुखी मिळेल.

हा वटहुकूम नव्या सिस्टरचा. आईला सांभाळायला ती आजपासून सकाळी आठ ते एक आणि दुपारी चार ते आठ येणार. मधले तीन तास माझे, कारण माझी बातमीदारी संध्याकाळी सुरू होते आणि बायकोची शाळा पाचला सुटते. खुर्चीचा गुन्हा काय, असं विचारलं. आईची उशी सरळ करता करता म्हणाली, "इथे बसणाऱ्याला झोप लागता कामा नये."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण तिने म्हणावं!

बुधवार, ४ सप्टेंबर

'तिने' म्हणजे काय ते लिहूनच टाकतो. ही वही दुसरं कोण वाचणार आहे?

सहा वर्षांपूर्वी पहाटेच्या पाळीला हीच सिस्टर रुग्णालयात डुलकी काढत होती, आणि एक वृद्ध गृहस्थ पलंगावरून खाली आले. कंबरेचं हाड मोडलं. महिन्याभरात गेले. बातमी मी दिली. 'परिचारिका झोपेत, रुग्ण जमिनीवर' – मथळाही माझाच. संपादकांनी त्या दिवशी स्वतः उठून चहा मागवला होता. पंधरा दिवसांत तिची नोकरी गेली.

तेव्हापासून चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर, दाराजवळ. आम्ही पुढून दुसऱ्या. मध्ये अकरा बाकं. सहा वर्षं मागे वळून न बघण्याचा सराव केला की मान आपोआप ताठ होते. लोक त्याला भक्ती समजतात.

बायकोला हे सगळं ठाऊक आहे. तरी हिलाच आणली. मी कुरकुर केली तर म्हणाली, "आजारी माणसाला उचलायचं कसं ते तिला येतं. तुम्हाला येतं का?"

येत नाही. 'उत्थान' या विषयावर मी सूत्रं आणि भाष्यांसकट दोन तास बोलू शकतो. पण आई त्याने उठत नाही.

जूनमधल्या झटक्यापासून आईची उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं मात्र सगळं. डाव्या हाताचं बोट पलंगाच्या कडेवर आपटते – एकदा म्हणजे नाही, दोनदा म्हणजे हो. जन्मभर मला व्याख्यानं देणारी बाई आता एवढ्यात भागवते. आणि तरीही वाद जिंकते!

रविवार, ८ सप्टेंबर

पाळकसाहेबांनी आज प्रवचन थोडक्यात आटोपलं. हीच एक देवाची कृपा म्हणायची. पण शेवटी गृहपाठ दिला. प्रत्येकाने मनात एकाच माणसाचं नाव घ्यायचं, आणि त्याचा निवाडा करणं आजपासून बंद करायचं. "ते काम आपलं नाही, ज्याचं आहे तो करील," म्हणाले. "आपल्याला जेवढं सोडलं गेलंय, तेवढं आपण सोडलं तरी आयुष्य पुरायचं नाही."

मी मोठ्या मनाने सिस्टरचं नाव घेतलं. डोळे मिटून क्षमा केली. इतकं हलकं वाटलं की बाहेर पडताना चक्क तिला नमस्कार केला. तिनेही केला, जरा दचकून. दुपारी दोन घास जास्त गेले.

बुधवार, ११ सप्टेंबर

रोज एकला ती गेली की खुर्ची आत, पावणेचारला पुन्हा बाहेर. याला अवज्ञा म्हणत नाहीत; तात्पुरतं पुनर्वसन म्हणतात. आईला बजावलं, चुगली करायची नाही. बोट एकदाच आपटलं. मग माझा चेहरा बघून दुसऱ्यांदा.

शनिवार, १४ सप्टेंबर

सिस्टर दर दोन तासांनी आईची कूस बदलते आणि वेळ भिंतीवरच्या कागदावर लिहिते. नखं कापते. कानामागे ओलं राहू देत नाही. काल आईचे केस विंचरून दोन वेण्या घातल्या आणि आरसा धरला. आईचा अर्धा चेहरा हसला.

मला ती कशानेच हाक मारत नाही. साहेब नाही, ब्रदर नाही, काही नाही. "जरा गरम पाणी हवं होतं," असं भिंतीकडे बघून म्हणते, आणि भिंत म्हणजे मी, हे मी ओळखायचं.

आपण क्षमा केलेल्या माणसाने थोडं तरी ओशाळं असावं, अशी आपली एक अपेक्षा असते. असो.

बुधवार, १८ सप्टेंबर

झोपलो.

खुर्चीत. घड्याळात पावणेतीन झालेले शेवटचे आठवतात. जाग आली ती दारात किल्ली फिरली तेव्हा. आई खाली होती. पलंग आणि भिंत यांच्या मध्ये, उजवं मनगट अंगाखाली. डोळे उघडे – माझ्याकडे. किती वेळ ती माझ्याकडे बघत पडली होती कोण जाणे. तिला हाक मारता येत नाही.

सिस्टरने खुर्चीकडे एकदाच बघितलं. मग गुडघ्यांवर बसली. "आधी पाय बघू. तुम्ही डोकं धरा. मान वळू देऊ नका." मी धरलं.

डॉक्टर येऊन गेले. मनगट मोडलंय. कंबरेला मार आहे, हाड शाबूत.

आणि डॉक्टर यायच्या आधी मी काय केलं? खुर्ची व्हरांड्यात नेऊन ठेवली. छत्र्यांच्या शेजारी, होती तशी.

सव्वापाचला बायको आली. कसं झालं, केव्हा झालं, विचारलं. मी म्हणालो, "चार वाजता बघितलं. सिस्टर खोलीत होत्या."

प्रत्येक शब्द खरा.

बायको तिच्याकडे वळली. "तुम्ही खोलीत असून?" सिस्टर आईच्या मनगटाखाली उशी सारत होती. तिचा हात थांबला नाही. माझ्याकडे बघितलं असतं तर मी बोललो असतो. बघितलं नाही.

पण हेही मी आता जुळवतोय. बघितलं असतं तरी बोललो नसतो.

गुरुवार, १९ सप्टेंबर

बायकोने तिला आजपासून येऊ नका म्हणून सांगितलं. मग माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. मीच हट्ट केला. माफ करा मला."

मी मान हलवली. म्हणजे वर बायकोलाही क्षमा केली!

शनिवार, २१ सप्टेंबर

आई माझ्या हातून खात नाही. चमचा ओठांशी नेला की बोट आपटते. एकदा. बायकोने शाळेत रजा टाकली आहे. तिच्या हातून चार घास घेते. आज मी विचारलं, "आई, माझ्यावर रागावलीस का?" बोट हललंच नाही. उत्तर द्यायच्या लायकीचाही उरलो नाही.

दुपारी माळ्यावरचं खोकं काढलं. कशासाठी, तेही लिहितो: त्या बातमीच्या वेळची नोंदवही हवी होती. ती बाई तेव्हाही झोपली होती, हे स्वतःच्या अक्षरात एकदा वाचायचं होतं. तेवढाच आधार.

माझी पद्धत जुनी आहे. बातमीत जे गेलं त्या ओळीवर आडवी रेघ मारायची. पान हातावेगळं झालं की सगळं खोडलेलं दिसतं. त्या पानावर एक ओळ सोडून सगळं खोडलेलं आहे. ती ओळ अशी:

'सलग तिसरी पाळी. दोघी रजेवर. मेट्रनला दोनदा लेखी कळवलं. प्रत दाखवली.'

प्रत दाखवली. म्हणजे मी बघितली होती. ती कार्यालयात आली असणार, बाकावर बसली असणार, पिशवीतून कागद काढला असणार. मला काही म्हणता काही आठवत नाही. अक्षर माझं आहे.

जागा नव्हती, असं लिहिणार होतो. जागा होती. खाली छत्र्यांच्या दुकानाची जाहिरात होती, ती हलली असती. पण ती ओळ घातली तर मथळा उभा राहत नव्हता.

तेव्हाही प्रत्येक शब्द खराच होता. मला ही कला फार पूर्वीपासून साधलेली आहे.

रविवार, २२ सप्टेंबर

सकाळी बायको आरशासमोर पिना लावत होती. मी दारात उभं राहून सांगितलं. सगळं. वहीही दाखवली. तिने पिना खाली ठेवल्या.

"खुर्ची बाहेर कुणी नेली?"

"मी."

"आई खाली असताना?"

"पलंगावर ठेवल्यावर."

"म्हणजे सुचत होतं तुम्हाला," ती म्हणाली, आणि पिना पुन्हा लावायला घेतल्या. इतक्या वर्षांच्या संसारात ती इतकं हळू कधी बोलली नव्हती.

शेजारणीला आईपाशी बसवून आम्ही निघालो. चर्चमध्ये बायको आमच्या बाकाशी थांबलीच नाही. आत शिरल्या शिरल्या शेवटच्या बाकावर सिस्टरच्या शेजारी जाऊन बसली. मी दोन बाकं पुढे गेलो, उभा राहिलो, परत फिरलो. मागून सगळ्यांच्या माना दिसतात. ताठ. प्रभूच्या प्रार्थनेत ती अपराधांची ओळ आली – आम्ही इतरांना सोडलं तसं तू आम्हाला सोड – तेव्हा मी ती गाळली. बाजूला सिस्टर खणखणीत म्हणत होत्या.

बाहेर सायकली लावतात तिथे त्यांना गाठलं. वही उघडून पुढे केली. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचत होत्या. ओळ तर एवढीशी आहे.

"अक्षर वाईट आहे तुमचं," म्हणाल्या.

मी म्हणालो की माझं चुकलं. तेव्हाही आणि बुधवारीही. आणखी बरंच काही तयार केलं होतं, ते आठवलं नाही.

त्या म्हणाल्या, "वर्षभर तुमचं नाव घेऊन रोज प्रार्थना करायचे मी."

"माझ्यासाठी?"

"तुमच्याविरुद्ध. हात लुळे पडू देत म्हणून." मग जरा हसल्या. "एके दिवशी लक्षात आलं, घरच्या माणसांपेक्षा तुमचंच नाव जास्त घेतलं जातंय. मग सोडलं."

"म्हणजे क्षमा केलीत?"

"सोडलं म्हटलं ना. एखाद्या दिवशी परत धरते. मग परत सोडते. बुधवारी तर घट्ट धरलं होतं."

एवढ्यात बायको आली. दोघी माझ्याबद्दल एक शब्द न बोलता आईच्या औषधांचं बोलत राहिल्या. निघताना सिस्टर म्हणाल्या, "उद्या आठला येते. स्टूल आत असू दे." दोन पावलं जाऊन वळल्या. "आईंना सांगितलंत?"

मी म्हणालो, तिला काय सांगायचं, तिने तर सगळं बघितलंय.

"बघितलंय हो. तुम्ही सांगितलंत का?"

मंगळवार, २४ सप्टेंबर

संपादकांना चार ओळींचा खुलासा दिला. म्हणाले, "सहा वर्षांनी? आज कोण वाचणार हे?" मी म्हटलं, एक जण वाचेल. सातव्या पानावर येईल म्हणाले. या वेळी चहा नाही.

खुर्ची भंगारवाल्याला दिली. त्याने बसून बघितली आणि म्हणाला, झकास आहे, देताय कशाला?

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आईला अजून सांगितलेलं नाही. मंगळवारी तिला झोप लागली होती. बुधवारी बायको खोलीत होती. काल मला शिंका येत होत्या. आज काहीच कारण नव्हतं, तर स्टुलावर बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. सातवं पानसुद्धा. खुलासा वगळून.

आता माझ्या हातून खाते. म्हणूनच तर सांगवत नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

उद्या. उद्या दुपारी, एक वाजता, स्टुलावर बसल्या बसल्या.

बुधवार, २ ऑक्टोबर

सोमवारी सकाळी साडेदहाला दुसरा झटका आला. सिस्टर जवळ होत्या, म्हणून श्वास तरी राहिला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, जेवढं आहे तेवढं. समजतं का तिला, असं विचारलं. ते पिशवी आवरत म्हणाले, सांगता येत नाही.

डोळे उघडे असतात. कुणावर थांबत नाहीत.

जिन्याशी सिस्टर मला म्हणाल्या, "भाऊ, दोन घास खाऊन घ्या." मी वळून बघितलं, मागे कुणी आहे का म्हणून.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

सांगितलं. स्टुलावर बसून, तिचा डावा हात हातात घेऊन. आई, मी झोपलो होतो. खुर्ची मी आत आणली होती. तू खाली होतीस आणि मी झोपलो होतो. पुढे काही जोडलं नाही, काही गाळलं नाही. मग हात पलंगाच्या कडेवर ठेवला आणि बोटाकडे बघत बसलो, चार वाजता सिस्टर येऊन दारात थांबेपर्यंत.

बोट हललं नाही. एकदाही नाही, दोनदाही नाही.

तिने क्षमा केली नसेल, याची भीती नाही वाटत. तिला ऐकूच गेलं नसेल, याची वाटते.