चाळीस फुटी बोटीचा परवाना

३ जुलै, सकाळ
यंदा बोटीच्या परवान्याचं काम मी स्वतः करणार. निर्णय पक्का. गेली अकरा वर्षं बायकोचा भाऊ स्वतःच्या बोटीबरोबर माझाही फॉर्म भरून टाकतो आणि मग वर्षभर ऐकवतो. आता बास. मला लिहिता-वाचता येतं, शिवाय माणसांशी बोलण्याची कला अंगात आहे. मासेमारीची बंदी यंदा महिनाभर वाढलीय, १ सप्टेंबरला उठते. परवाना हातात असेल तर डिझेल, बर्फ, सगळं मिळतं. नसेल तर बोट बांधलेली आणि आपण घरी. पण दोन महिने आहेत. रोज थोडं थोडं केलं तरी चिक्कार.

३ जुलै, दुपार
थोडं थोडं उद्यापासून.

२१ जुलै
मधले दिवस तयारीत गेले (मनाच्या). आज पोर्टलवर फॉर्म भरला. रकाने चव्वेचाळीस. एकदाही मेहुण्याला फोन केला नाही. लांबीच्या रकान्यात चाळीस फूट लिहिलं. बायको मागून डोकावत होती. म्हणाली, अहो, चाळीस कुठली? मामंजींनी बांधली तेव्हा एकतीस होती ना? तिला समजावलं, की धक्क्यावर पंधरा वर्षं आपली बोट चाळीस फुटी म्हणूनच ओळखली जाते. तुझा भाऊ पस्तीस फुटी बोट बेचाळीस सांगतो, त्याला कोणी विचारतं का? धक्क्यावर टेप घेऊन कोणी फिरत नाही. सबमिट दाबलं. हिरवी खूण आली. उगाच लोक सरकारी कामाला घाबरतात.

६ ऑगस्ट
मत्स्य खात्याचं पत्र. छत्तीस फुटांच्या वरची बोट म्हणजे 'मोठी नौका'. वाचून छाती फुगली. पुढे वाचलं. मोठ्या नौकेला वायरलेस संच, परीक्षा पास झालेला इंजिनचालक आणि दोन जीवरक्षक तराफे लागतात. तराफ्याचं माप दिलंय. एक ठेवला तर जाळ्याला जागा उरत नाही. दोन ठेवायचे तर बोटच तराफ्यात ठेवावी लागेल.
मेहुण्याला विचारावं का? नको. एवढ्यात नको.

१० ऑगस्ट
खात्यात गेलो. तीन नंबरची खिडकी, आत कारकूनबाई. म्हणालो, लांबी जरा जास्त लिहिली गेली. कोणी लिहिली, म्हणाल्या. मी म्हणालो, चुकून. त्यांनी जुनी नोंद काढली आणि म्हणाल्या, नऊ फूट चुकून? मी हसलो. त्या हसल्या नाहीत. आता मोजणी होणार. मोजणी अधिकारी कधी येतील? येतील तेव्हा येतील.
बोलण्याची कला आज चालली नाही. सकाळपासून डोकं दुखत होतं, त्यामुळे असेल.

१८ ऑगस्ट
मोजणी अधिकारी आले. माणूस सज्जन. पण धक्क्यावर ही गर्दी! लोकांना कामधंदे नाहीत. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते जरा पुढे सरकवून धरलं. मुद्दाम नाही, हात गेला. साहेब म्हणाले, मागे घ्या आणि ताणून धरा. तीस फूट आठ इंच. म्हणजे बाबांचे एकतीससुद्धा खरे नव्हते.
कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं. माझा जुना खलाशी, बाबांच्या वेळेपासूनचा, पाण्याकडे बघत राहिला. मेहुणा जवळ येऊन हळूच म्हणाला, दाजी, धक्क्यावरची लांबी वेगळी आणि फॉर्मातली वेगळी, एवढं कळू नये? मी फॉर्मात पस्तीसच लिहितो. मान वर करवेना.
असो. झाकली मूठ उघडली, पण काम मार्गी लागलं. आठवड्यात परवाना.

२५ ऑगस्ट
परवाना नाही. कारकूनबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. अर्जातली बोट चाळीस फुटांची, मोजलेली तीस फूट आठ इंचांची. मेळ बसेना, म्हणून संगणकाने दोन बोटी धरल्या. मोठी नवीन, तिचा अर्ज विचाराधीन. छोटी जुनी, तिचा अर्जच आलेला नाही आणि मुदत जुलैअखेर संपली.
मी म्हणालो, बाई, मोठी बोट नाहीच. बुडाली का, म्हणाल्या. नाही. विकली? नाही. मोडीत काढली? नाही. मग आहे, म्हणाल्या. बुडाल्याचा दाखला आणा, रद्द करू, मग छोटीचं बघू.
नसलेली बोट बुडवायची कशी, असं विचारलं. ते पाचव्या मजल्यावर विचारा म्हणाल्या. लिफ्ट बंद होती.

२७ ऑगस्ट
बुडाल्याच्या दाखल्याला दोन साक्षीदार लागतात. जुन्या खलाशाला विचारलं. तो म्हणाला, मालक, तुमची बोट चाळीस फुटी असं मी धक्क्यावर हजारदा सांगितलं, अजून हजारदा सांगेन. पण शपथेवर नाही.
तेही बरोबरच. शेवटी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, दाजी, जुलैत का नाही विचारलंत?

३१ ऑगस्ट
धक्क्यावर सगळ्यांची बर्फ भरायची घाई. आमच्या बोटीवर एक मांजर झोपलेलं. संध्याकाळी खलाशी घरी आला. चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. कप रिकामा होता. म्हणाला, मालक, घरात पाच तोंडं आहेत. तुमच्या मेहुण्यांकडे जागा आहे. मी म्हणालो, जा. आणखी काय म्हणणार? तो गेल्यावर रडू आलं. बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

१ सप्टेंबर
बोटी गेल्या. मी बघायला गेलो नाही. आवाज घरात येतो.

९ सप्टेंबर
परवाना आला! रजिस्टर टपालाने, शिक्क्यासकट. बायकोला हाक मारली. तिने उघडून वाचला. चाळीस फुटी मोठ्या नौकेचा. तराफ्यांची अट वर्षभर शिथिल. सोबत दुसरं पत्र: तीस फूट आठ इंचांची विनापरवाना बोट सात दिवसांत धक्क्यावरून हलवावी.
म्हणजे जी बोट नाही ती समुद्रात जाऊ शकते. अपील करणार. कडक भाषेत. उद्या बसून मसुदा.

१५ सप्टेंबर
अपिलाची सुनावणी मार्चमध्ये. आज बोट किनाऱ्यावर ओढून घेतली. मेहुणा जुन्या खलाशासकट माणसं घेऊन आला, मी न बोलावता. काम झाल्यावर सगळे घरी चहाला आले, तेव्हा म्हणाला, दाजी, माझ्याकडे जाळं ओढायला एक माणूस कमी आहे. बघा, राग मानू नका. मी बायकोकडे पाहिलं. ती आधीच डबा शोधायला आत गेली होती.
खलाशांच्या यादीचा फॉर्म त्यानेच भरला. मी फक्त सही केली. उद्या पहाटे चारला निघायचं. जुना खलाशी म्हणाला, मालक, माझ्या शेजारी उभे राहा, मी शिकवतो. मला कसंसंच झालं. मोठ्या मनाने म्हणालो, आता मला मालक म्हणू नकोस.
वाटलं, तो नाही-नाही म्हणेल. तो म्हणाला, बरं.