एकेचाळीस प्रश्न आणि अर्धं पान

सोमवार, ३ मार्च

व्यवस्थापकांनी आज चौकशी माझ्या गळ्यात घातली, म्हणून ही वही काढली. कारखान्यात याबद्दल बोलायला बंदी आहे, आणि मनात ठेवून काम होत नाही.

प्रकरण असं. आमच्याकडे चष्म्याची भिंगं होतात. तपासणी विभाग सव्वीस वर्षं माझ्याकडे. पॉलिश विभागात एक मुलगी आहे – अठ्ठावीस वर्षांची, लग्न न झालेली, नेमणूक तात्पुरती. महिनाअखेर ती कायम व्हायची आहे. दुरुस्ती विभागातला मुख्य फिटर चाळिशीचा, बायको, दोन मुलं. सुट्टीच्या दिवशी दोघं तिच्या खोलीवर भेटतात, असं निनावी पत्र आलं. दोघंही नाकारत नाहीत. तो तिचा वरिष्ठ नाही, आणि जबरदस्ती नाही हे ती स्वतःच सांगते.

शुक्रवारी अहवाल द्यायचा. माझा शेरा वाईट पडला तर मुलगी एकतीस तारखेला घरी.

व्यवस्थापक म्हणाले, "बाई, तुमच्याइतकं स्वच्छ नाव इथे दुसरं नाही. तुमची सही असली की कुणाची तोंड उघडायची छाती होणार नाही."

ऐकून मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी मुलीची चौकशी. दोन तास चालली. प्रश्न मी आदल्या दिवशी काढून ठेवले होते. ती ताठ बसली होती, नखांत पॉलिशची पांढरी भुकटी. एकदाच म्हणाली, "बाई, याचा माझ्या कामाशी काय संबंध?"

"प्रश्न मी विचारते," मी म्हटलं.

मग ती सगळ्यांची उत्तरं देत गेली. मध्ये पाणी मागून घेतलं.

फिटरला दहा मिनिटं लागली. व्यवस्थापक स्वतः येऊन बसले, त्याच्यासाठी चहा मागवला. "चूक झाली, बाई. माणूस आहे मी. फक्त घरी कळू देऊ नका." मी म्हटलं, "पुन्हा व्हायला नको." "नाही होणार." कप ठेवला आणि गेला.

 

बुधवार, ५ मार्च

लेखनिकाने टंकलेल्या प्रती आणून दिल्या. जिभेला हाड नाही त्याच्या. "बाई, तिची अकरा पानं आणि त्याचं अर्धं. अर्ध्या पानाला फाइल तरी कशाला खराब करू? तिच्याच पाठीला चिकटवून टाकतो."

मी त्याला दटावलं आणि मोजायला बसले. तिला एकेचाळीस प्रश्न. त्याला चार – नाव, हुद्दा, आरोप मान्य आहे का, पुन्हा करणार का. तिचा सहावा – त्या दिवशी अंगावर काय घातलं होतंस? नववा – दार आतून कोणी लावलं? चौदावा – याआधी असे किती जण? बाविसावा – वडिलांना तोंड कसं दाखवतेस?

आणि तिला सगळीकडे 'तू', त्याला 'तुम्ही'.

हे मला कुणी लिहून दिलं नव्हतं. व्यवस्थापकांनीसुद्धा नाही. माझं अक्षर, माझी अक्कल.

घरी आल्यावर धाकट्या बहिणीला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती माझ्याकडेच राहते, चेहरा वाचते. ती मशीनवर शिवत होती. पाय न थांबवता म्हणाली, "ताई, दार कोणी लावलं असं विचारलंस तिला? मी रविवारी मैत्रिणीकडे जायचे, तेव्हा आपलं दार कोण लावायचं?"

मी ताडकन म्हटलं, "ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

माझा नवरा गेल्यावर पाचव्या वर्षी एकाचं रविवारी येणं सुरू झालं, तीन वर्षं चाललं. त्याचंही लग्न झालेलं होतं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. कुणी पत्र लिहिलं नाही, एवढंच माझं स्वच्छ नाव.

गुरुवार, ६ मार्च

फिटरला पुन्हा बोलावलं. तेच एकेचाळीस प्रश्न, त्याच क्रमाने. 'तू' म्हणूनच.

पाचव्यापर्यंत नीट बोलला. सहाव्याला हसला – "कपडे? लक्षात कोण ठेवतं?" आठव्याला लेखनिकाकडे बघायला लागला. नवव्याला उठला. "बाई, मला एकेरीत बोलायचं नाही. आणि हे काय प्रश्न आहेत? पुरुषाला कुणी असलं विचारतं?"

"तिला विचारले. तिने उत्तरं दिली."

"मग तिलाच विचारा." दार आपटून गेला.

पाच मिनिटांत व्यवस्थापकांचं बोलावणं. "बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? त्याला संसार आहे."

"तिलाही पोट आहे."

"तिला कुठेही काम मिळेल. इथे साठ बायका कामाला आहेत, त्या यातून काय शिकतील? अहवाल तिच्यापुरता लिहा. तुमच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, आता कशाला नसत्या भानगडीत पडता?"

खाली येऊन कामाला बसले. ओरखडा असलेलं भिंग चांगल्यांत टाकलं, हाताखालच्या मुलीने उचलून दाखवलं. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

दोन मसुदे लिहिले. एक त्यांना हवा तसा. तो झरझर लिहून झाला, याचीच भीती वाटली.

शुक्रवार, ७ मार्च, सकाळी

मुलगी फाटकाशी उभी होती. "बाई, दुसरीकडे अर्ज करायला सुरुवात करू का? तेवढंच सांगा."

"कामाला लाग," मी म्हटलं. कडक आवाजात. दुसरा आवाज मला येत नाही.

शुक्रवार, दुपारी

तीन वाजून दहा मिनिटांनी व्यवस्थापकांच्या हातात दिलं, लेखनिकासमोर. तिची अकरा पानं. त्याचं अर्धं पान आणि कालची आठ उत्तरं. माझा अहवाल, तीन ओळींचा – कामात कसूर आढळली नाही, मुलीला कायम करावं, शिक्षा द्यायचीच असेल तर तिघांना सारखी द्यावी. "तिघं कोण?" त्यांनी विचारलं. शेवटचा कागद पुढे केला – त्याच एकेचाळीस प्रश्नांची माझी उत्तरं, तारीख आणि सहीसह. पुरुषाचं नाव एकाही प्रश्नात विचारलेलं नाही, म्हणून लिहिलेलं नाही. पोच घेतली.