फौजदारासाठी पाऊस

१८ एप्रिल २०२४, गुरुवार

भर उन्हाळ्यात कुणी कोट घालतं का! तोही गुडघ्याच्या खाली लोंबणारा, वर गोल टोपी. आणि ऊन असं की चपलेतून पाय भाजतात. शिरूरच्या जुन्या बाजारगल्लीत पुण्याचे लोक पिक्चर काढायला आलेत. जुन्या काळचे दोन फौजदार आणि एक खून. शेजारची छबुबाई अन् मी जीपमध्ये कोंबून बसून बघायला गेलतो.

छबुबाई म्हणाली, "बाई गं, हे तर घामानंच मरतील. खून कशाला पाहिजे?"

मला मात्र लई आवडलं. फौजदाराच्या गोष्टींपायीच तर मी वाचायला शिकले. मालक एसटी स्टँडवरून रहस्यकथांची पुस्तकं आणायचे, अर्धं वाचून घोरायला लागायचे. खुनी कोण ते मला कोण सांगणार? मग एकेक अक्षर लावत बसले. तव्यावरची भाकर करपली, पण खुनी सापडला!

२० एप्रिल, शनिवार

वस्तीवर पाण्याचा टँकर आला नाही. एक दिवसाआड यायला पाहिजे. माझा जालिंदरच त्याच्यावर ड्रायव्हर, म्हणजे खबर पक्की — "माय, गाडी बिघडली. बीडवरून सामान यायचंय." आठ दिवसांमागं पाइप गळत होता, तेव्हा माझ्या हिरव्या लुगड्याचा लाल काठ फाडून दिला बांधायला. आता आतलंच काही मोडलं म्हणे. जुनाट धूड!

बाया मलाच विचारतात. मीही सांगते, बिघडलाय.

छबुबाईची लेक बाळंतपणाला आलीय. बाळ अजून बारा दिवसांचंही झालं नाही, आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायला पाणी नाही. आमच्या रांजणातली कळशी नेऊन दिली. सून चैताली म्हणाली, "आत्याबाई, आपल्याला?" म्हणलं, आपण काय बाळंतीण आहोत?

२२ एप्रिल, सोमवार

डोकं फिरलंय माझं! आज शिरूरला गेले तर काय — रस्त्यावर पाणी ओतत होते! सडा नाही, काही नाही. नुसतं ओतायचं! रस्ता काळाभोर चमकला पाहिजे, फौजदाराची सावली त्यात पडली पाहिजे म्हणे. वरून नळ्या लावून पाऊससुद्धा पाडला. शिरूरमध्ये! एप्रिलमध्ये!

डायरेक्टरच्या हाताखाली एक रविराज म्हणून आहे, चाळिशीचा, दाढीवाला. त्यालाच धरलं.

"कावून सांडता बाबा पाणी? लोकांला प्यायला न्हाई."

"आजी, विकतचं आहे. रस्ता कोरडा राहिला तर कॅमेऱ्यात रात्र दिसत नाही. नुसता अंधार दिसतो."

"मग अंधार दाखवा की! आमच्याकडं तोच फुकट हाय."

हसला. चहा दिला. चहा पिऊन परत भांडले.

आता लिहायची लाज वाटते, पण लिहिते. फौजदार त्या ओल्या रस्त्यावरून चालत आला. टोपीच्या कडेवरून थेंब गळत होते, मागं धूर, बुटांचा टाक टाक आवाज. अंगावर काटा आला माझ्या! आमचं धुळकट शिरूर इतकं देखणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचाच जास्त राग आला.

२३ एप्रिल

टँकर नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

छबुबाई लांबच्या बोअरवर गेली आणि हंड्यासकट पडली. पाय सुजून टम्म. मी हळद लावायला गेले तर आत लेक रडत होती, बाळाच्या दुपट्यांचा ढीग तसाच. आणि ही बया सुजल्या पायानंही मलाच टोमणा मारते — "तुझा जालिंदर काय त्या गाडीला इमानाचं इंजन बसवायलाय का?"

हसत हसतच हळद लावली.

तशीच शिरूरला गेले. भांडायलाच. (बरं, थोडं बघायलाही.) आज पिक्चरचा शेवट चालला होता. रविराजनं सांगितला. खुनी निघतो फौजदाराचा सख्खा भाऊ. फौजदाराच्या हातात पुरावा असतो. पण तो टोपी डोळ्यांवर ओढतो, "इथं कुणी नव्हतं" म्हणतो आणि पावसातून निघून जातो.

"हा कसला फौजदार!" मी ओरडलेच. "मेलेल्याच्या आईला काय तोंड दाखवणार?"

"आजी, तीच तर मजा आहे."

मजा! ज्याचं गेलंय त्याला विचार म्हणावं मजा. माझ्या पुस्तकांतला एकही फौजदार असं करायचा नाही. भावाच्या कानाला धरून चौकीत नेला असता!

२६ एप्रिल

हे पाणी विकतंय कोण? सरपंचच असणार, त्याच्या मिशाच सांगतात. उद्या छडा लावते. इतकी पुस्तकं काय उगाच वाचली?

२७ एप्रिल, शनिवार

टँकर शिरूरच्या शाळेच्या मागं उभा होता. दिवस मावळत होता, पण मला दिसायचं ते दिसलं. पाइपाच्या तोंडाला लाल काठ. माझ्या लुगड्याचा.

जालिंदर टायरला टेकून मोबाइल बघत होता. मला पाहून उठला. पदर खोचला आणि चढून केबिनमध्ये बसले. या वयात कशी चढले कोण जाणे.

"माय, उतर खाली. त्यांला शब्द दिलाय."

"वस्तीवर घे."

"आजच्या दिवस, माय. शेवटची रात हाय त्यांची."

"छबुबाईच्या दारात घे."

मागून रविराज हाका मारत पळत आला. आम्ही निघालो. वस्तीपर्यंत पाइप गळतच होता.

२८ एप्रिल

काल पुढचं लिहवलं नाही. टँकर दारात थांबला तशी छबुबाई लंगडत हंडा घेऊन आली. तिच्यामागं सगळी वस्ती. "केशरबाई, झाला का गं दुरुस्त?"

जालिंदर माझ्याकडं बघायला लागला.

मी पदर डोळ्यांवर ओढला. म्हणलं, "झाला."