पंगतीतून फिरलेला पेन्शनचा अर्ज

धुळे, बुधवार

ती. सुनिताअक्कास,

जगदीशचे दोन नमस्कार. एक नेहमीचा, दुसरा कशाचा, ते खाली येईलच. कंबर कशी आहे? (पाड्यावर रेंज नाही, म्हणून पत्र साक्रीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय.)

पेन्शनचा पर्याय-अर्ज देऊन तू मला सोमवारी सरळ धुळ्याला पाठवलंस. मी सरळच निघालो होतो, पण कांद्याच्या ट्रकवाल्याने गप्पांच्या नादात पार नशिराबादला नेलं. (तिथे एक जण जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनावर जत्रेचा पाळणा बनवतोय! भेटल्यावर सांगतो.) आज परत आलो, तर ऑफिससमोर मास्तर लोकांचं धरणं आणि मांडवात भरीत-पुरीची पंगत. मी उपाशी. कोणीतरी "कोणती शाळा?" विचारलं, मी "पाड्याची" म्हणालो (खोटं नाही, चौथी तिथेच झाली) आणि बसलो.

डावीकडे अभिमन गुरुजी. त्यांचं म्हणणं, जुनी पेन्शनच पाहिजे, शेवटच्या पगाराच्या निम्मी, पगारातून काही न कापता. आत्ता दुसरा पर्याय भरणारा आंदोलन बुडवतो. उजवीकडे रतिलालभाऊ, ऑफिसातून रिटायर झालेले. "गुरुजी, जुनी येईल तेव्हा येईल. तोवर म्हातारपण काय बाजाराच्या भरवशावर सोडायचं? पगारातून थोडं कापून का होईना, पण ठरलेली रक्कम देणारी मधली मिळतेय ती घ्या ना!" दोघं माझ्या डोक्यावरून भांडत होते. मला आधी गुरुजी पटले, मग भाऊ पटले, मग वाढप्याने पुन्हा पुरी आणली तेव्हा परत गुरुजी.

शेवटी मी म्हणालो, माझी अक्का अठरा वर्षं शिकवतेय, तिने विचार करूनच खूण केली असेल, बघा! आणि अर्ज काढला. तो गुरुजींनी पाहिला, भाऊंनी पाहिला आणि वाचायला पंगतीत पुढे गेला. अक्का, पंगत चाळीस जणांची होती आणि हात सगळ्यांचे भरताचे.

तो तसाच ऑफिसच्या खिडकीत दिला, तर तिथल्या मंदाबाईंनी दोन बोटांनी उचलला. "भाऊ, हाऊ अर्ज शे का भाकर?"

पायरीवर बसून पुसायला गेलो, तर तेल आणखी पसरलं. पुसतापुसता वारसाचा रकाना दिसला. तुझं अक्षर: जगदीश, भाऊ. पत्ता: तुझंच घर. मी चार कामं सोडून आलो, चारही वेळा तू न विचारता ताट वाढलंस, ते ठीक. पण ज्याला स्वतःचा पत्ता नाही त्याला तू वारस केलंस आणि पत्ताही दिलास. दुसरा नमस्कार त्याचा.

तुझा
जगदीश

ता.क. मंदाबाईंनी कोरा अर्ज दिलाय, पण सही तुझीच लागते आणि परवा, शुक्रवारी, शेवटची तारीख. कंबरेला पट्टा बांध आणि पहिल्या गाडीने ये. मी पायरीवरच आहे, हललेलो नाही. (मंदाबाईंना विचार.)

आणखी ता.क. तू कोणत्या पर्यायावर खूण केली होतीस ते तेलात गेलं. पंगतीत सगळ्यांना पाठ आहे, पण प्रत्येक जण वेगळं सांगतो. तूच आठवून ये.

शेवटचं ता.क. वारसाच्या रकान्यात या वेळी हवं तर दुसऱ्या कोणाचं नाव लिही, मी रागावणार नाही. पत्ता मात्र माझा तोच राहू दे. आता तिथेच येऊन राहायचं म्हणतोय. (नशिराबादचा पाळणा एकदा फिरला की लगेच.)