मायच्या नावाचा हांडा

आदरणीय संध्याताईस,

केदारखेड्याहून राजानंदचा सप्रेम जय भीम. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? अंबडची हवा तुम्हा दोघांना मानवत असेलच. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, फक्त घराचं काही खरं नाही. (हे फोनवर सांगितलं असतं. पण मी फोन उचलला की नंदाला नेमक्या माझ्याच शेजारी बसून शेंगा निवडायच्या असतात.)

त्याचं असं झालं, तुझी भाची प्रिया परीक्षेच्या अभ्यासाला घरी येणार म्हणून नंदानं, माय गेल्यापासून बंद असलेली तिची खोली मोकळी करायला काढली. वर्षभर जे कामाला आलं नाही ते घरात ठेवायचं नाही, हा तिचा कायदा. (तो ऐकून मी लगेच नळाची तोटी दुरुस्त करायला घेतली.) मोडका टीव्ही, संपलेले सेल, वायरींचा गुंता, सगळं जालन्याला असला माल नीट घेतात तिथं देऊन आलो. सेल उकिरड्यावर टाकले तर त्यातलं विष विहिरीत उतरतं, असं प्रियानं बजावलं होतं. मायची लुगडी वाकळ शिवायला ठेवली. ती निवडायला मीच बसलो. एकेक उलगडताना ऊन भिंतीवर कधी चढलं कळलंच नाही आणि त्या लुगड्यांतच डोळा लागला. स्वप्नात आपलं कापसाचं रान आलं. माय पुढं, आपण दोघं मागं, आणि घरी जायची कुणालाच घाई नाही. जागा झालो तर नंदा कमरेवर हात ठेवून उभी.

मग भांडी वाटायला काढली. शेजारच्या आमिनाभाभींना डबा दिला, वसंताला कढई. पण आपल्या गावची रीत तू विसरली नसशील. नाव घातलेलं भांडं ज्याचं त्याला परत करायचं, आणि तेही रिकामं नाही! डबा शेवयांनी भरून आला, कढई मोसंब्यांनी. "अण्णासाहेबांचं नाव हाय त्याच्यावर, आम्ही कसं ठिवू?" म्हणाल्या भाभी. भांडी तर गेली नाहीतच, वर शेवया ठेवायला जागा शोधावी लागली.

राहिला तो तांब्याचा हांडा, मायनं कापूस वेचून घेतलेला. घरातल्या साऱ्या भांड्यांवर आपल्या वडलांचं, अण्णांचं नाव, या एकट्यावर 'तुळजाबाई'. सातबाऱ्यावर नाही, दारावरच्या पाटीवर नाही, माय नावानिशी आहे ती एवढीच. नंदा म्हणाली, "ह्यो इतका लांब द्या की परत यायचा न्हाई." मी 'बरं' म्हणालो. (माझ्या संसारातला निम्मा संवाद एवढाच आहे.) एसटीनं शहागड गाठलं आणि हांडा मांडीवर घेऊन गोदावरीकाठी बसलो. पाण्यात पुलावरचे ट्रक उलटे चालले होते. बघता बघता मायही त्या पाण्यातून सावकाश कुठंतरी चालली आहे असं वाटलं, आणि परतीच्या दोन गाड्या गेल्या. शेवटी रस्त्यावरच्या चहावाल्या कौसल्याबाईंना हांडा देऊन टाकला. आता ट्रकवाले मायचं नाव वाचून पाणी पीत असतील, अशी मी मनाची समजूत घालतो. ती पटत नाही.

बाकी क्षेम. दाजींना जय भीम.

तुझा धाकटा,
राजानंद

ता.क. – अंबडहून शहागड काही लांब नाही. तो हांडा मागून आण आणि तुझ्याकडं ठेव. दाजींच्या गुडघ्याचं निमित्त काढून मी येत जाईन आणि त्यातलं पाणी पिऊन जाईन. नंदाला कळू देऊ नको. मला तो हांडा पाहिजे गं.

आणखी ता.क. – ताई, मी नंदा. पाकीट चिकटवायला ह्यांनी भाताची शितं मागितली, अन् ते कामबी माझ्यावरच टाकून खोलीत जाऊन बसले. तुम्ही शहागडला जाऊ नका. मी मंगळवारीच जाऊन आल्ते. ह्या घरातलं पहिलं पाणी सासूबाईंनी मला त्याच हांड्यातून दिल्तं, मलाच ऱ्हावलं न्हाई. कौसल्याबाईला नवा हांडा दिला अन् आपला आणला. कोठीमागं ठिवलाय. ह्यांना एवढ्यात सांगू नका, दुःखात खोली लई मन लावून झाडून राह्यले. अन् येता येता सासूबाईंच्या नावाखाली माझंबी नाव घालून घेतलं. ह्या घरात माझ्या नावाचं एकबी भांडं नव्हतं, ताई.