एका औषधाला एकच पॅरेंट

४ मार्च

एकच! प्रत्येक नोडला पॅरेंट एकच, म्हणजे एका औषधाला वरचा गट एकच! डोकं फिरलंय माझं. हॉस्पिटलच्या औषधांची वर्गवारी आहे ही, चपला-बुटांची नाही. आता ती दुखण्यावरची गोळी घ्या. वेदनाशामक आहे आणि सल्फाच्या कुळातलीही आहे. दोन्ही! पण कोडमध्ये जागा एकच, म्हणून कुणीतरी ती वेदनाशामकांत टाकली आणि मोकळा झाला. सल्फाची ॲलर्जी असलेल्या पेशंटला ती लिहून दिली, तर संगणक फक्त सल्फाची फांदी बघणार. तिथे गोळीच नाही. इशारा नाही!

ऑफिसात आमच्या टीमच्या सरांना सांगितलं. "वर्गवारीचं झाड साधं असतं गं. तू त्याचं जाळं करतेस." करतेच! औषधंच तशी आहेत, त्याला मी काय करू?

५ मार्च

आई सकाळपासून हात खाजवत बसलीये. "नवा साबण मानवला नाही वाटतं." मग जुना आण ना! गुडघा दुखायचा थांबला तर आता हे.

७ मार्च

मीटिंग. तासभर डोकेफोड. एका पॅरेंटऐवजी पॅरेंटची यादी ठेवू, प्रत्येक दुव्याला नाव देऊ — 'प्रकार', 'घटक' — एवढंच तर म्हणत होते.

"आणि उद्या अ चा पॅरेंट ब, ब चा पॅरेंट अ असं झालं तर? प्रोग्रॅम गोल गोल फिरत बसेल." अहो सर, नवा दुवा जोडताना वरपर्यंत चढून तपासायचं. दहा ओळींचं काम! आमच्या टेस्टरला सगळं पटलेलं, पण वहीत रेघोट्या मारत बसला. शेवटी सरांचा हुकमी एक्का — "ग्राहकाने मागितलंय का?"

इतकी चिडले की डबा तसाच परत आणला.

८ मार्च

आईच्या मानेवर चट्टे. "अगं, बघ तरी." नंतर बघते म्हटलं. पुन्हा म्हणाली, तेव्हा ओरडलेच — साबण बदल, किती वेळा सांगू! आत गेली.

११ मार्च

कुणालाही न विचारता पॅरेंटच्या यादीचा कोड लिहून काढला. चाललं! हॉस्पिटलच्या फार्मसिस्ट बाईंना फोन केला. त्या भडकल्याच. "तुमच्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर ही गोळी महिनाभर देतोय आम्ही! उद्याच या, खऱ्या नोंदींवर चालवून बघू."

सर म्हणाले, "तुझ्या जबाबदारीवर." माझ्याच! आनंदाने!

१२ मार्च

एकोणीस इशारे. नावं नाहीत, नुसते केसपेपरचे नंबर. बाई एकेक नंबर वाचून मदतनिसाला त्या पेशंटला फोन लावायला सांगत होत्या. मी मनातल्या मनात सरांवर तोंडसुख घेत होते.

सातवा नंबर आईचा. गुडघ्यासाठी केसपेपर मीच काढला होता. ॲलर्जीच्या रकान्यात 'सल्फा' मीच लिहिलं होतं.

तो फोन मी लावला. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "बदलला गं साबण. आता ओरडू नकोस."